सोनेगाव विमानतळ: नकाशाच्या मधोमध असूनही हब का झालं नाही?

वर्धारोडकर
नागपूरच्या विमानतळाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आपण देशाच्या मधोमध आहोत, हब इथंच व्हायला पाहिजे होतं" हे एक, आणि "राजकारणानं घात केला" हे दुसरं. दोन्ही वाक्यांनी माहितीत काडीची भर पडत नाही, म्हणून हा धागा. (हब म्हणजे जिथं चहूकडून विमानं येतात आणि प्रवासी किंवा माल विमान बदलून पुढे जातो असं केंद्र.)

ठळक टप्पे सगळ्यांना माहीत आहेत. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला, १९१७-१८ मध्ये सोनेगावला, म्हणजे आजच्याच जागी, धावपट्टी झाली. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सची विमानं इथं मुक्कामाला थांबायची. स्वातंत्र्यानंतर रात्रीच्या टपाल विमानांचं ठाणं झालं, १९५३ ला प्रवाशांसाठी नवी इमारत आली. २००२ मध्ये मिहानसाठी (विमानतळ, मालवाहतूक केंद्र आणि उद्योगक्षेत्राचा प्रकल्प) एमएडीसी ही राज्याची विमानतळ विकास कंपनी, २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव, १४ एप्रिल २००८ ला सध्याचं टर्मिनल, २००९ मध्ये कारभार मिहान इंडिया लिमिटेडकडे (एमएडीसी ५१ टक्के, विमानतळ प्राधिकरण ४९ टक्के).

प्रश्न असा: १९४९ मध्ये जे शहर खरोखर देशाचं हवाई जंक्शन होतं, ते नंतर का राहिलं नाही? जाणकारांनी लिहावं. "आपल्याकडे इच्छाशक्तीच नाही" छाप प्रतिसाद नकोत, ते दुसऱ्या धाग्यांवर भरपूर आहेत.

खापरीवाला
आपल्याकडे इच्छाशक्तीच नाही.
(पळतो आता.)

जुनी पिशवी
रात्रीच्या टपालसेवेपासूनच सुरुवात करू, कारण उत्तराचा निम्मा भाग तिथंच आहे.

जानेवारी १९४९ ते ऑक्टोबर १९७३ अशी ती सेवा चालली. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांची ही योजना. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रांना हवाई टपालाचा जादा आकार लागेनासा झाला. पत्र विमानानं लवकर पोचत असेल तर साध्याच तिकिटावर विमानानं जायचं. इतकं टपाल रातोरात हलवायचं म्हणून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघून मध्यरात्रीनंतर नागपूरला यायचं. पिशव्यांची अदलाबदल झाली की प्रत्येक विमान आपापल्या गावी परत, पहाटे घरी. काही काळ हिमालयन एव्हिएशननं ही सेवा चालवली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती कंपनी इतर सात कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

यातली खुबी बघा. चार शहरांच्या जोड्या होतात सहा. थेट जोडायचं तर सहा मार्ग लागतात, आणि दिल्ली-मद्रास हे सुमारे १,७५० किलोमीटरचं अंतर. त्या काळच्या डकोटा विमानांचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूलाच सात तास. रात्रीत जाऊन परत येणं अशक्य. नागपूरला मधे घेतलं की चार विमानांत सहाही जोड्या जुळतात, आणि विमान नि वैमानिक दोघंही सकाळी स्वतःच्या तळावर.

निघायच्या वेळा मात्र एक ठेवून चालत नाही. मुंबईहून हवाई अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पावणेतीन तास. कलकत्त्याहून साधारण ९७० किलोमीटर, चार तास. सगळे एकाच सुमाराला उतरायचे तर कलकत्तेवाल्यानं आधी उडायचं, मुंबईवाल्यानं सगळ्यांत शेवटी. या रचनेचं दुखणंही हेच. एका विमानाला उशीर झाला की उरलेली तिघं अडकतात, किंवा त्याच्या पिशव्या सोडून जातात.

सावजी तर्री
फेडएक्सनं मेम्फिसहून हाच धंदा सुरू केला एप्रिल १९७३ मध्ये. आपली सेवा बंद झाली ऑक्टोबर १९७३ मध्ये. घ्या!

पैलतीर
सावजी, टाळी घेणारी तुलना आहे, पण अर्धीच. फेडएक्सकडे स्वतःची विमानं, स्वतःच्या गाड्या आणि दारापासून दारापर्यंतचा करार होता. टपालखात्याकडे नागपूरच्या धावपट्टीवर होती ती फक्त अदलाबदल. जेट विमानं आल्यावर दिल्ली-मद्रास अडीच-तीन तासांवर आलं, मग मधे उतरायचं कशाला? टपाल थेट प्रवासी विमानाच्या पोटात गेलं.

नागपूर मध्यवर्ती होतं ते डकोटाच्या वेगाच्या हिशेबात. वेग तिप्पट झाला आणि मध्याची किंमत उतरली.

जुनी पिशवी
पैलतीर, मान्य. एक पुरवणी: ही विमानं प्रवासीही घेत. १२ डिसेंबर १९५३ ला नागपूरहून उडताच डकोटा कोसळलं त्यात चौदापैकी तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. डकोटाला दोनच इंजिनं. भरल्या वजनात उडताना एक गेलं की कमी उंचीवर हातात वेळच उरत नाही.

पवनपुत्र
उड्डाणाचा विषय निघालाच आहे तर नागपूरचा उन्हाळा विसरू नका. हबच्या चर्चेत हा मुद्दा कोणी काढत नाही.

धावपट्टीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर. या उंचीला प्रमाण तापमान धरतात १३ अंश. मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतं, म्हणजे ३२ अंश जास्त. वर उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला. हिशेब मांडला तर विमानाच्या दृष्टीनं दुपारचं सोनेगाव सुमारे ५,००० फुटांवर असतं. तिथं हवेची घनता प्रमाणापेक्षा साधारण १४ टक्के कमी.

याचे परिणाम तीन. इंजिनाचा जोर घटतो. पंखाखाली तेवढीच उचल मिळवायला जमिनीवरचा वेग सुमारे ८ टक्के जास्त लागतो, म्हणून धाव लांबते. आणि उड्डाण रद्द करून ब्रेक मारायची वेळ आली तर ब्रेकवर पडणारी ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे सुमारे १६ टक्के जास्त. टायरलाही वेगाची मर्यादा असते.

३,२०० मीटरच्या धावपट्टीवर ए३२० सारख्या नेहमीच्या प्रवासी विमानाला यानं फारसं अडत नाही. अडतं ते मोठ्या विमानाला, लांब पल्ल्याचं इंधन भरून दुपारी उडायचं असेल तेव्हा. तेव्हा एक तर माल उतरवा, नाही तर रात्री उडा.

खापरीवाला
म्हणजे दुपारी दोन वाजता नागपुरात माणसं बाहेर पडत नाहीत, विमानं तरी काऊन पडतील बाप्पा.

मिहानमित्र
४,००० मीटरची दुसरी धावपट्टी आराखड्यात आहे ती यासाठीच. पवनपुत्र, पहिलीच लांबवून भागलं नसतं का?

पवनपुत्र
मोठ्या विमानाच्या वजनापुरतं भागलं असतं. पण लांबी हा एक प्रश्न आणि एकच धावपट्टी असणं हा वेगळा. नुसती लांबवलेली पट्टीसुद्धा दुरुस्तीला बंद पडली की गाव बंद. २०२४ मध्ये डांबरीकरणापायी दिवसा तासन् तास बंद ठेवली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सकाळी आणि संध्याकाळी विमानांची दाटी, भाडी वर, मधली दुपार सामसूम.

वर्धारोडकर
त्यावरच विचारायचं होतं. एका धावपट्टीचं डांबरीकरण इतकं रेंगाळतं कसं? रस्ता तर आठवड्यात होतो.

डांबरगोळी
रस्त्याला निम्मी बाजू चालू ठेवता येते, धावपट्टीला येत नाही. हिशेबच मांडतो.

लांबी ३,२०० गुणिले रुंदी ४५, म्हणजे १,४४,००० चौरस मीटर. ५ सेंटिमीटरचा एकच थर धरला तरी ७,२०० घनमीटर माल, वजनात १७,००० टनांच्या वर. १५ टनांचा टिप्पर धरा, साडेअकराशे खेपा होतात. दिवसाला ६०० टन पडले तर नुसता एक थर घालायला महिना. तोही एक दिवस न चुकता. टॅक्सीवे (धावपट्टीकडे जायचे विमानांचे रस्ते), बाजूच्या पट्ट्या आणि खालचा समतलीकरणाचा थर वेगळा.

आता आठ तासांच्या बंद खिडकीत आठ तास डांबर पडत नाही. आधी जुना थर खरवडायचा, झाडायचं, हवेनं धूळ उडवायची, टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून डांबराचा पातळ हात) मारायचा, तो सुकू द्यायचा. मग माल पसरणारं पेव्हर यंत्र. माल दीडशे अंशांच्या आसपास गरम येतो. मागे लगेच लोखंडी रोलर, त्यामागे टायरचा. थंड मालावर रोलर फिरवला तर पोकळ्या राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच खडी सुटते. सुटलेली खडी म्हणजे इंजिनात जाणारा दगड, म्हणून रस्त्यावर खपतं ते इथं खपत नाही.

शेवटचा दीड तास आवरायला. त्या दिवशीचा थर जिथं संपतो तिथं उतार करावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियम असा की थर ५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर उतार अर्धा ते एक टक्का, त्याहून जाड असेल तर अर्ध्या टक्क्याहून जास्त नाही. म्हणजे ५ सेंटिमीटरच्या पायरीला ५ ते १० मीटर लांब उतार. दुसऱ्या दिवशी तोच खरवडून पुढचं काम. कामही अशा टोकाकडून सुरू करायचं की धावणाऱ्या बहुतेक विमानांची चाकं या सांध्यावरून खाली उतरावीत, वर चढू नयेत. मग मध्यरेषा रंगवणं, दिवे तपासणं, यंत्रानं झाडणं, पायी पाहणी. एवढं झाल्याशिवाय टॉवर पट्टी घेत नाही.

मिहानमित्र
मग रात्री का नाही करत? थंडही असतं.

डांबरगोळी
तांत्रिकदृष्ट्या रात्रच चांगली. नवा थर साधारण ६० अंशांखाली आल्याशिवाय त्यावर विमान घालू नये. मे महिन्याच्या उन्हात जुनं डांबरही दुपारी साठीला टेकतं. मग नवा थर निवणार कधी? दिवसाच्या खिडकीत शेवटचा टिप्पर लवकर थांबवावा लागतो तो त्यामुळे.

पण नागपूरची विमानं भल्या सकाळी, उशिरा संध्याकाळी आणि रात्री. दोहा आणि शारजाची विमानंही रात्रीची. रात्र बंद केली तर आंतरराष्ट्रीय सेवेवर गदा, दुपार बंद केली तर डांबराशी झुंज. त्यांनी दुपार निवडली. माझ्या मते वेळ बरोबर निवडली, हंगाम आणि यंत्रसामग्री चुकली. दिवसाचं टनेज ठरवून न देता अशी कामं द्यायचीच नसतात.

सावजी तर्री
+१. नुसतं "अमुक तारखेपर्यंत पूर्ण करा" असं निविदेत लिहिलं की पावसाळा त्या तारखेच्या आधीच येतो.

चिंचभवन
थोडं विषयांतर. मेट्रोवर एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट अशी तीन स्टेशनं आहेत. टर्मिनलच्या दारात एकही नाही. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना 'एअरपोर्ट'लाच उतरायला सांगा आणि पुढे फीडर किंवा ऑटो धरा म्हणावं. साउथ वाचून उतरलेले लोक बॅगा ओढत वर्धा रोडवर दिसतात.

खापरीवाला
विमानतळ एक, स्टेशनं तीन. विमानं वाढली नाहीत म्हणून काय झालं.

पैलतीर
मूळ मुद्द्याकडे येतो. "मधोमध" असण्याचा एक खरा उपयोग आजही आहे आणि तो जमिनीवरून दिसत नाही. दिल्ली-चेन्नई, दिल्ली-हैदराबाद, मुंबई-कोलकाता ही सगळी रहदारी नागपूरच्या डोक्यावरून किंवा जवळून जाते. नागपूर नियंत्रण कक्षाचं काम जास्त आहे ते न उतरणाऱ्या विमानांचं. त्यांच्याकडून मार्ग-दिशादर्शनाचा आकार मिळतो, पण तो विमानतळ प्राधिकरणाकडे जातो. सोनेगावच्या टर्मिनलला त्यातला रुपया नाही.

वाट्याला येतात ती वळवलेली विमानं. प्रवाशाला छातीत दुखलं, धूर दिसला, इंजिन बिघडलं की वैमानिकाला मध्य भारतात लांब धावपट्टी, अग्निशमन आणि मोठी रुग्णालयं एकत्र मिळतात ती इथंच. याला हब म्हणत नाहीत, पण ही सेवा भरवशाची आहे.

जुनी पिशवी
आणि काही आलेली विमानं जात नाहीत. १९९१ मध्ये बिघाड होऊन उतरलेलं कॉन्टिनेंटल एव्हिएशनचं बोइंग ७२० तब्बल २०१५ पर्यंत धावपट्टीजवळ उभं होतं.

डांबरगोळी
ते नुसतं भंगार म्हणून खटकत नव्हतं. उपकरणांच्या मदतीनं उतरण्याच्या मोठ्या धावपट्टीला मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटरचा पट्टा मोकळा आणि सपाट लागतो. घसरलेलं विमान त्यात थांबावं ही अपेक्षा. त्या पट्ट्याच्या आसपास चार इंजिनांचं जुनं धूड म्हणजे परवान्याच्या प्रत्येक तपासणीत शेरा. हलवणंही सोपं नाही. टायर बसलेले, चाकं जाम. आधी जॅकवर उचला, खाली पत्रे किंवा फळ्या घाला, मग ओढा. पावसाळ्यात काळ्या मातीत नावच काढू नका.

मिहानमित्र
इतका इतिहास झाला, आता कारभारावर बोलू. २०१९ च्या मार्चमध्ये विमानतळ चालवायला जीएमआर या खासगी कंपनीला देकार पत्र दिलं. कंपनीनं द्यायचा महसुलातला वाटा आधी ५.७६ टक्के होता, वाटाघाटीत १४.४९ टक्के झाला. मार्च २०२० मध्ये ती प्रक्रियाच रद्द. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द करणं चूक ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये ते कायम केलं, आणि क्युरेटिव्ह याचिका (त्या निकालाविरुद्धचा शेवटचा उपाय) निकाली निघाली सप्टेंबर २०२४ मध्ये. साडेपाच वर्षं. या काळात नव्या टर्मिनलवर किंवा धावपट्टीवर मोठा पैसा कोण घालणार होतं? "राजकारणानं घात केला" हे वाक्य वर्धारोडकरांना आवडत नाही, पण इथं ते लागू पडतं.

वर्धारोडकर
मिहानमित्र, तारखांसह लिहिलंत तर आवडतं. पण २०१९ च्या आधीची साठ-सत्तर वर्षं तरी उरतातच. तिथं काय?

पैलतीर
तिथं गणित आहे. जुन्या पिशवीनं चार विमानं आणि सहा जोड्या सांगितल्या. आजच्या भाषेत मांडा. वीस शहरं जोडायची तर जोड्या होतात १९०. त्यासाठी वीस विमानं तासा-दीड तासात उतरायला हवीत, वीसही एका वेळी उभी राहायला हवीत, आणि पुढच्या तासात सगळी उडायला हवीत. म्हणजे वीस स्टँड, सामान एका विमानातून दुसऱ्यात नेणारी व्यवस्था आणि ताशी तीस-पस्तीस उड्डाणं-उतरणी झेपणारी धावपट्टी. उतरलेल्या विमानाला वळून धावपट्टीवरूनच माघारी यावं लागत असेल तर हा आकडा निम्म्यावर येतो. अशी लाट दिवसातून चार वेळा यायला हवी, नाही तर मधल्या वेळेत माणसं आणि यंत्रं रिकामी.

आणि हे सगळं विमानतळ करत नाही, विमान कंपनी करते. कंपनी आपली विमानं रात्री तिथंच ठेवते जिथं पहाटेची सीट स्थानिक माणसानंच भरते. दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद इथं निम्मं विमान गावातल्याच प्रवाशांनी भरतं, जोडप्रवासी (विमान बदलून पुढे जाणारे) वरकड. नागपुरात जोडप्रवाशांवरच सगळी मदार ठेवावी लागली असती. असा जुगार कुठली कंपनी खेळेल?

पवनपुत्र
त्यात आता गिऱ्हाइकांचा परिसरही वाटला जातोय. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीहून, १,८५० मीटरच्या धावपट्टीवरून, मुंबईचं एटीआर (छोटं पंख्याचं विमान) सुरू झालं. पश्चिम विदर्भाला ते सोयीचंच आहे. पण नागपूरच्या आकड्यातून ते प्रवासी वजा धरायला हवेत.

सावजी तर्री
पैलतीर, प्रवाशांचं सोडा. मालाचं काय? माल कधी "मला थेट विमान पाहिजे" म्हणत नाही.

पैलतीर
सावजी, हा प्रश्न वजनदार आहे. मालाला मधे उतरायची हरकत नसते, रात्र चालते, आणि रात्री इथं हवाही बरी. पण समृद्धी महामार्ग झाल्यावर ट्रक नागपूरहून मुंबईला रातोरात पोचतो. विमानानं पाठवण्याइतकं महाग आणि हलकं काय बनतं विदर्भात, हे आधी बघावं लागेल. संत्र्यानं विमान भरत नाही.

मिहानमित्र
मिहानमध्ये बनतात ना. टाटांच्या टीएएलनं बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम (फरशीखालच्या तुळया) इथं केले, दसॉ-रिलायन्स फाल्कन जेटचे भाग करतं. बोइंगनं बांधलेलं देखभाल केंद्र २०१५ पासून आहे. माझ्या मते नागपूरची खरी वाट तीच. विमान इथं दुरुस्तीला येईल, त्याला गिऱ्हाईक गावात असायची गरज नाही.

डांबरगोळी
सहमत, एका अटीवर. देखभाल केंद्राला हँगरइतकाच महत्त्वाचा असतो तो धावपट्टीपर्यंतचा टॅक्सीवे. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांना दोन्ही बाजूंनी मोकळीक लागते, वळणावर आतल्या कोपऱ्याला जादा फरसबंदी लागते, नाही तर मागची चाकं मातीत. दुरुस्तीला आलेलं विमान तास-तास वाट बघत राहिलं तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी हैदराबादला जातं.

चिंचभवन
दुसरी धावपट्टी झाली तर या दोन्हींचा उपयोग एकाच वेळी होईल का? की एकीवर विमान उतरताना दुसरी थांबणार?

पवनपुत्र
ते दोन मध्यरेषांमधल्या अंतरावर ठरतं. उपकरणांवर चालणाऱ्या समांतर धावपट्ट्यांत १,०३५ मीटर अंतर असेल तर दोन्हींवर स्वतंत्रपणे उतरता येतं. ९१५ मीटर असेल तर एकमेकांत ठरावीक अंतर राखून. ७६० मीटर असेल तर एकीवर उतरणं आणि दुसरीवरून उडणं. त्याहून कमी असेल तर ढगाळ हवेत दोन पट्ट्या असून एकच.

म्हणून जागेचा घोळ महत्त्वाचा. विमानतळालगतच्या शिवणगावचं पुनर्वसन, हवाई दलाची २७८ हेक्टर जमीन आणि बदल्यात मिहानमधली ४०० हेक्टर, हे सगळं त्या अंतरासाठी. आराखडा बघायला मिळाला तर टर्मिनलचं चित्र नंतर बघा, आधी दोन मध्यरेषांमधला आकडा शोधा.

खापरीवाला
आणि चौथं मेट्रो स्टेशन कुठं ते पण.